बेंडला चिकटलेलं चुंबक

लाइटअप होऊन, म्हणजे बॉयलर पेटवून, जेमतेम चार तास झाले होते आणि फायनल सुपरहीटरची (वाफ शेवटची तापवणाऱ्या नळ्यांच्या संचाची) एक ट्यूब फुटली. बॉयलर पुन्हा बंद. आत शिरता येईल इतका थंड झाल्यावर परांचीवर चढलो, तोवर निदान ठरून गेलं होतं: "राखेनं खाल्लं."

संशय अगदीच हवेतला नव्हता. राखेतली सोडियम-पोटॅशियमची क्षारं आणि गंधक यांची लोहासह सल्फेटं बनतात. साधारण ५५० ते ७०० अंशांच्या टप्प्यात ती वितळलेली राहतात आणि ट्यूबवरचा संरक्षक ऑक्साइड विरघळवतात. पण ही झीज ओळखता येते. भट्टीतला गरम गॅस जिथे समोरून आदळतो तिथे बारा वाजलेत असं धरलं, तर दहा आणि दोनच्या जागी ट्यूब चपटी होते. मी जाडी मोजत गेलो. फुटलेल्या जागेपासून थोडं दूर गेलं की चहूबाजूंनी जवळपास सारखीच. फाटलेल्या कडा मात्र सुरीसारख्या पातळ, माशाच्या तोंडासारख्या वासलेल्या, आसपासची ट्यूब फुगलेली. वर्षानुवर्षं खंगलेली ट्यूब अशी फाटत नाही. ही काही तासांत बेसुमार तापली होती. म्हणजे तिच्यातून वाफच जात नव्हती.

मग चुंबक मागवलं. लोक हसले, हसू दे.

या ट्यूब ऑस्टेनिटिक (निकेल-क्रोमियमच्या) स्टेनलेसच्या, त्यांना चुंबक धरत नाही. पण आतून वाफ पोलादाला गंजवतच असते आणि तिथे जमणाऱ्या मॅग्नेटाइटला, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडला, चुंबक धरतं. लटकत्या लूपांच्या तळाचे बेंड (वळणं) घासून स्वच्छ केले (बाहेरच्या राखेतही लोह असतं, ती फसवते) आणि दोऱ्याला बांधलेलं चुंबक एकेकाजवळ नेलं. पहिला बेंड, काही नाही. दुसरा, काही नाही. फुटलेल्या ट्यूबच्या बेंडाशी पोचताच टक्कन चिकटलं.

बेंड कापला. आत काळे, नखाएवढे पापुद्रे ठासून भरलेले. सुरुवातीला वाफेचा प्रवाह क्षीण, तो हा बुच ढकलू शकला नाही, आणि बाहेरून गॅस भाजतच राहिला.

पापुद्रे सुटले कधी? ऑस्टेनिटिक पोलाद गार होताना फेरिटिकच्या (चुंबक धरणाऱ्या पोलादाच्या) सुमारे दीडपट आकसतं. आतला ऑक्साइड तेवढा आकसत नाही, म्हणून तडकून सुटतो, आणि थर जाड असेल तर जास्तच. गार होण्याची घाई केली की भर पडते. आदल्या शटडाऊनला काम लवकर सुरू व्हावं म्हणून आयडी फॅन (धूर बाहेर ओढणारा पंखा) चालू ठेवून बॉयलर झपाट्यानं थंड केला होता. तसं सांगणारा मीच.

उरलेले सगळे बेंड तपासले. आणखी सात ठिकाणी चुंबक चिकटलं. तिथे खडूने फुल्या मारल्या, कापून साफ केले. अहवालात कारणांच्या रकान्यात आधी 'वाफेच्या बाजूच्या ऑक्साइडचे पापुद्रे' लिहिलं आणि खाली फॅनची तारीख, वेळ आणि माझी सही असलेल्या सूचनेचा क्रमांक.