वाटाघाटी टेबलावर, पुरावा बंदरावर

प्रश्न नेहमीचाच आहे. हवामानबदल रोखायचा तर चीनला सोबत घ्यावंच लागतं. मग चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मुस्लिमांच्या वेठबिगारीबद्दल इतर देशांनी बोलायचं की गप्प बसायचं? तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: बोलायचं, पण हवामानाच्या टेबलावर नाही, बंदरावर.

गप्प बसल्याने काही पदरात पडतं, हा समज आधी सोडू या. अमेरिकेच्या उइगूर वेठबिगारी प्रतिबंधक कायद्यावर २३ डिसेंबर २०२१ ला सही झाली आणि २१ जून २०२२ पासून तो लागू झाला. बीजिंगने निषेध केला, पण हवामानाची बोलणी चालूच राहिली. ती थांबली ऑगस्ट २०२२ मध्ये, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला जाऊन आल्यावर. नोव्हेंबरमध्ये बायडेन आणि शी बालीत भेटले, गाडी पुन्हा रुळावर आली, आणि वर्षभराने हवामानावरचं दोन्ही देशांचं सनीलँड्स संयुक्त निवेदन निघालं. तेव्हाही हा कायदा लागूच होता. म्हणजे रुसायचं कधी आणि कशावरून, हे बीजिंग स्वतःच्या हिशेबाने ठरवतं. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत वेठबिगारीचा प्रश्न आला तेव्हा अमेरिकेचे हवामानदूत जॉन केरींनी तो आपल्या अखत्यारीतला नाही असं सांगितलं आणि त्यांच्यावर टीका झाली. मला त्यात फार वावगं दिसत नाही. हवामानदूताने मिथेनचं बोलावं. फक्त ज्याच्या अखत्यारीत वेठबिगारी येते, त्याने हात वर करू नयेत.

आता बंदराकडे, जिथे आयात माल अडवता येतो. उदाहरण सोलर पॅनेलचं घेऊ. साडेपाचशे वॅटच्या एका सोलर पॅनेलमध्ये साधारण सव्वा किलो पॉलिसिलिकॉन, म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉन, जातं. सुरुवात गारगोटीपासून. ती फोडायची, कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत घालायची, की सुमारे ९९ टक्के शुद्ध सिलिकॉन हाती येतं. मग त्याचा वायू करून ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचा आणि हजार-अकराशे अंशांना तापलेल्या कांड्यांवर पुन्हा सिलिकॉन जमवायचं. भट्टी आणि कांड्या दोन्ही अफाट वीज खातात, आणि शिनजियांगमध्ये कोळशाची वीज स्वस्त आहे. २०२० च्या सुमारास जगातलं जवळपास ४५ टक्के पॉलिसिलिकॉन तिथून येत होतं. गारगोटी फोडणं, पोती भरणं ही अंगमेहनतीची कामं या साखळीच्या अगदी मुळाशी असतात. तिथे साखळदंड शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. मजुरांना कामावर पाठवण्याच्या सरकारी ‘अतिरिक्त मजूर’ योजनेत नाव आलं की नकार देण्याची सोय नसते, कारण नकार देणारा ‘कट्टर विचारांचा’ ठरू शकतो.

अमेरिकी कायद्याची खुबी अशी की पुराव्याचा भार त्याने उलटा केला. मालात शिनजियांगचा अंश असला तर तो वेठीचाच मानायचा. तसं नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. कंटेनर अडला की हाती साधारण ३० दिवस. तेवढ्यात गारगोटीच्या खाणीपासून पॅनेलपर्यंत प्रत्येक टप्प्याची खरेदी-ऑर्डर, बीजक, पैसे दिल्याचा पुरावा, वाहतुकीचे कागद आणि उत्पादनाच्या नोंदी जुळवून द्यायच्या. अनेक फायली मधेच अडकतात. स्फटिक ओढण्यासाठी सिलिकॉन वितळवतात तेव्हा एकाच मुशीत चार ठिकाणचा माल पडतो, आणि पुढे कुठल्या वेफरमध्ये (पॅनेलसाठी कापलेल्या पातळ चकतीत) कुणाचं सिलिकॉन गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. त्रयस्थ तपासनीस पाठवून भागत नाही: कामगार मोकळेपणी बोलूच शकत नाहीत, म्हणून २०२० मध्येच अनेक तपासणी संस्थांनी शिनजियांगमधून अंग काढून घेतलं.

या उपायाला भोकंही आहेत. सर्वांत मोठं म्हणजे दुहेरी साखळी. कारखाने अमेरिकेसाठी एक ‘स्वच्छ’ लाइन चालवतात आणि उरलेलं सिलिकॉन बाकी जगाला विकतात. मजुराच्या आयुष्यात काडीचा फरक पडत नाही. युरोपीय संघाची वेठबिगारीच्या मालावरची बंदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहे, तेव्हा हे भोक थोडं बुजेल. दुसरं, पर्यायी सिलिकॉनही धुतल्या तांदळासारखं नसतं. मलेशियातल्या सारावाकमध्ये ते जलविद्युतीवर बनतं, कार्बनच्या हिशेबात उत्तम. पण तिथल्या बाकुन धरणासाठी सुमारे १० हजार आदिवासींना उठवलं गेलं. धरणग्रस्त म्हणजे काय, हे कोयनेकाठच्या वाचकाला सांगायला नको.

आणि भारत? ऑक्टोबर २०२२ मध्ये शिनजियांगविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालावर नुसती चर्चा घ्यावी, या ठरावावर त्यांच्याच मानवाधिकार परिषदेत १७ विरुद्ध १९ मतं पडली, ठराव फेटाळला गेला. ११ देश तटस्थ राहिले, त्यात आपणही. आपल्या गच्चीवरचं पॅनेल भारतात जोडलेलं असलं तरी आतलं वेफर बहुधा चिनी असतं. सरकारमान्य पॅनेलांच्या यादीत नाव यायला कारखाना आणि कार्यक्षमता तपासली जाते. सिलिकॉन कुठून आलं, हा त्या तपासणीचा विषय नाही. परिषदेत मत देण्याआधी या यादीच्या अर्जात दोन रकाने वाढवता येतील: पॉलिसिलिकॉन कुठलं, आणि त्याआधीचं भट्टीतलं सिलिकॉन कुठलं. अवघड काही नाही. ज्या भारतीय कंपन्या अमेरिकेला पॅनेल पाठवतात, त्या तिकडच्या मालासाठी ही माहिती आजही गोळा करतात.