पॅनेलवर हात बसेपर्यंत

इंदूरच्या ज्या हिंदी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथे नववी-दहावीच्या वर्गांत मोठी टच पॅनेल बसली आणि बाकीच्या शिक्षकांना ती शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीच्या माणसानं सगळ्यांना हॉलमध्ये बसवून एक डेमो दिला होता. त्यात कुणाचाच हात पॅनेलला लागला नाही, त्यामुळे पुढे कित्येक दिवस पॅनेलवरची कव्हरं निघालीच नाहीत.

खरी धास्ती मुलांसमोर अडकण्याची होती. ज्या वर्गात वर्षानुवर्षं आपल्या शब्दाला वजन आहे, तिथे बटण सापडत नाही म्हणून चाचपडायला कोण तयार होईल? म्हणून मी रिकाम्या वर्गात एका वेळी एकाच शिक्षकाबरोबर बसू लागले. उद्या शिकवायचा असेल तोच धडा घ्यायचा आणि माऊस त्यांच्याच हातात ठेवायचा. यासाठी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या वेळेतलाच मोकळा तास मागून घेतला. शाळा सुटल्यावर थांबा, असं बायकांना सांगणं मला पटत नाही. घरची कामं काही थांबत नाहीत.

गणिताच्या ताई आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, चित्र दिसतंय, पण बोट लावलं की काहीच होत नाही." लॅपटॉपपासून एचडीएमआयची केबल जोडलेली होती, ती चित्र आणि आवाज नेते. बोटाचा स्पर्श लॅपटॉपपर्यंत पोचायला यूएसबीची वेगळी केबल लागते. ताईंनी ती स्वतः जोडली आणि पॅनेलशेजारी चिठ्ठी चिकटवली.

त्यांच्यासाठी मी जिओजेब्रा निवडलं. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात 2001 साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर वर्गात फुकट वापरता येतं आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट नसलं तरी चालतं. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज तीच राहते. वर्गात मात्र एका मुलीनं पडद्यावरचे तीन कोन वहीत मांडले आणि म्हणाली, "मॅडम, 180.01 आ रहा है!"

मी मागच्या बाकावर होते, पण उठले नाही. ताईंनी शांतपणे सांगितलं की पडद्यावर प्रत्येक कोन दोन दशांशस्थळांपर्यंतच दिसतो, तो जवळच्या आकड्याला नेलेला असतो. मग खडू घेतला, फळ्यावर शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली आणि रीतसर सिद्धता दिली. मोजणं आणि सिद्ध करणं यांतला फरक इतक्या स्वच्छपणे शिकवलेला मी क्वचितच पाहिलाय. पॅनेल आलं म्हणून फळा काढून टाकायचा विचार करणाऱ्या शाळांना माझी विनंती आहे, तो राहू द्या.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपचं सोपं गेलं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवायचा, एवढंच.

सध्या हिंदीच्या सरांबरोबर बसतेय. त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव फाँटमध्ये आहेत, आणि तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्या इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. कन्व्हर्टरनं त्या कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नेता येतात, पण ऱ्हस्व इकार आणि रफार नीट बसलेत का ते ओळ न् ओळ तपासावं लागतं. सर वाचतात, चूक दाखवतात आणि आता ती स्वतःच टाइप करून दुरुस्त करतात.