इथून तुळजापूर किती लांब?

सोलापूर स्टेशनातून बाहेर पडलेला परगावचा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, याची मी बरीच वर्षं मनातल्या मनात नोंद ठेवतोय. 'इथं बघायला काय आहे?' असं विचारणारा क्वचितच भेटतो. बाकीच्यांना तुळजापूरची गाडी हवी असते. नाहीतर अक्कलकोटची, गाणगापूरची, पंढरपूरची. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०च्या आतबाहेर, पंढरपूर सत्तरच्या पुढे. देवी, स्वामी, दत्त आणि विठोबा चहूबाजूंना, आणि मधे आम्ही. पाहुणा लॉजवर रात्र काढतो, पहाटे अंघोळ करून गाडी धरतो आणि घरी गेल्यावर सांगतो, "सोलापूर? बघितलंय की. उकडतं फार."

माझा मेहुणा निदान तुळजापूरला जायला येत नाही, आमच्याकडेच येतो. तो पुण्याचा. पहिल्यांदा आला तो मे महिन्यात, आमच्या लग्नाच्या बोलणीला. पारा बेचाळीसच्या वर. आमच्या वडिलांनी अगत्याने पंखा त्याच्याकडे वळवला, तर पंख्यातून भट्टीचा वारा. त्या दिवशी त्याचं सोलापूरबद्दल जे मत झालं ते दहा वर्षं हललं नाही. मग एका जानेवारीत तो गड्ड्याच्या जत्रेला आला, शेतावर हुरडा खाल्ला, रात्री चादर अंगावर ओढून झोपला आणि सकाळी म्हणाला, "दाजी, इथं फ्लॅट काय भावाने मिळतो?" गाव तेच. माणूसही तोच. फक्त कॅलेंडरची आठ पानं उलटली होती. तेव्हापासून कुणी सोलापूरबद्दल काही ठासून बोललं की मी आधी विचारतो, कुठल्या महिन्यात आला होता?

यंदाही तो जानेवारीतच आला. हुतात्मा एक्सप्रेसने, रात्री. रिक्षात बसल्यावर त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. ही त्याची सवयच झाली आहे. स्टेशन ते आमचं घर, नऊ मिनिटं. "नऊ मिनिटं, दाजी! आमच्याकडे नऊ मिनिटांत पार्किंगमधून गाडी बाहेर निघत नाही." मी काही बोललो नाही. कारण त्याच दिवशी दुपारी एका मित्राने जुळे सोलापुरात जेवायला बोलावलं होतं आणि 'लई लांब पडतं बे' म्हणून मी टाळलं होतं. सहा किलोमीटर. सहा किलोमीटरला लांब म्हणणारी आमची जात आहे. पुण्यात होतो तेव्हा मी रोज सोळा किलोमीटर जायचो आणि तेवढंच यायचो, आणि कुणी विचारलं तर 'जवळच आहे' म्हणायचो.

हो, मीही पुण्यात राहिलोय. लग्नानंतरची सहा वर्षं, कोथरूडला, भाड्याने. २००९ साली वडील आजारी पडले म्हणून परत आलो तो आलोच. त्या सहा वर्षांत सोलापूरची जेवढी बाजू मी घेतली तेवढी आयुष्यात कधी घेतली नव्हती. ऑफिसात कुणी शेंगाचटणीला 'दाण्याची चटणी' म्हणालं तरी मी डबा पुढे सरकवून व्याख्यान द्यायचो. अहो, दाण्याची चटणी म्हणजे मिक्सरमधला कोरडा भुगा. शेंगाचटणी उखळात कुटायची असते, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत. चिमूट दाबली तर गोळा झाला पाहिजे आणि बोटाला लाल तेल लागलं पाहिजे. पुण्यात मला असे दहा-बारा सोलापूरकर सहज भेटले. सगळे गावाचे कट्टर अभिमानी आणि एकालाही परत जायचं नव्हतं. सोलापुरात राहणाऱ्याला मात्र अभिमानाला सवड नसते. तो रस्त्यातला खड्डा चुकवत असतो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. हा दिवस पंचांगात नाही, पण आमचं घर त्यावरच चालतं. नळाला पाणी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या. कुठल्या गल्लीला कधी हे पाठ असतं. लग्नाची तारीख काढताना मुहूर्तासोबत पाण्याचा दिवसही बघणारी माणसं मला माहीत आहेत. पहाटे साडेचारला बायकोने मला हलवलं, "अहो, पाणी आलं." मोटार, पाइप, गच्चीवरची टाकी, खालचा हौद, पिपं, हंडे, कळशा, शेवटी रिकाम्या बाटल्या. शेजारच्या अक्का त्यांच्या सुनेला तेलुगूत हाका मारत होत्या, समोरच्या घरातून कानडीत उत्तरं येत होती. या गडबडीत मेहुणा डोळे चोळत बाहेर आला.

"रोज असंच?"

"रोज असतं तर काय पाहिजे होतं?" बायको म्हणाली.

त्याने हिशेब मांडला. ताई, तुम्ही ट्रॅफिकचे रोज दोन तास वाचवता, म्हणजे चार दिवसांचे आठ. त्यातले दोन पाण्याला गेले तरी सहा तास फायद्यातच. बायकोने त्याच्या हातात पाइप दिला आणि पिंप भरायला लावलं. पिंप भरता भरता त्याने विचारलं, हे पाणी येतं कुठून? उजनीवरून, मी म्हणालो. भीमेवरचं धरण, शंभरावर किलोमीटर लांब, काठोकाठ भरलं तर ११७ टीएमसी. आणि उजनीत कुठून येतं? इथे मला मनापासून आनंद झाला. कारण तुमची मुळा-मुठा पुण्यातून निघते ती उजनीच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. तू मागच्या महिन्यात कोथरूडात ज्या पाण्याने अंघोळ केलीस, ते आज आमच्या पिंपात आलं असेल. त्याने पाइप जरा लांब धरला.

गंमत अशी की या गावाचं ग्रामदैवतच पाण्याचं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. त्यांनी गावासाठी तळं खोदवलं आणि कानडीत वचनं रचली. आज त्या तळ्यातच त्यांचं देऊळ आहे. गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपला योगदंड दिला आणि तिचं लग्न त्या दंडाशी लागलं. त्या लग्नाचा सोहळा म्हणजे आमची गड्ड्याची जत्रा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे उंचच उंच काठ्या, घेऊन निघतात, एक काठी एका वेळी एकाच माणसाच्या पोटाशी तोललेली. ती पेलणाऱ्याच्या मानेची शीर न् शीर दिसते. जत्रेला आलेले पाहुणे मोबाइल वर धरून काठीच्या टोकाचा फोटो काढतात. गावकरी खाली बघतात, पेलणाऱ्याच्या पायाकडे, कारण तिथेच कळतं काठी झुकणार की नाही ते. मेहुण्याला हे मी यंदा दाखवलं. आधीची सगळी वर्षं त्याच्या मोबाइलमध्ये नुसती टोकं आहेत.

तळं खोदणाऱ्याच्या गावात पाणी चौथ्या दिवशी, यावर तो काही बोलेल असं मला वाटलं होतं. तो बोलला भाषेवर. "दाजी, तुम्ही लोक 'करतोय' का नाही म्हणत? 'काय करलालास, येऊलालो, जाऊलालो' हे कुठलं मराठी?" हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि विचारताना हसतो. मी त्याला मंडईत घेऊन गेलो. भाजीवाली आधीच्या गिऱ्हाइकाशी कानडीत भाव करत होती. मधेच कुणी तरी आलं, त्याच्याशी दख्खनी उर्दूत दोन वाक्यं झाली. आमच्याकडे वळून म्हणाली, "काय देऊ अण्णा, मेथी ताजी हाय." या बाईला आम्ही शुद्ध-अशुद्ध काय शिकवायचं? पूर्व भागात गेलं तर दुकानांच्या पाट्या तेलुगूत. तिकडच्या पद्मशाली विणकरांचे पूर्वज तेलंगणातून मागांच्या मागे इथे आले. सोलापुरी मराठीवर या सगळ्यांचे शिंतोडे उडालेत. खरी गंमत बायकोची आहे. ती माहेरशी फोनवर 'स्वयंपाक करते आहे' असं सदाशिव पेठेत शोभेल असं बोलते आणि फोन ठेवला की पोराला, "काय करलालास रे तिथं?" हे मी भावासमोर बोलून दाखवलं तर तिने साफ नाकारलं.

आमच्या घरात सोलापूरला सर्वांत जास्त नावं तीच ठेवते. धूळ, डास, पाणी, रस्ते, पोरांना नोकऱ्या नाहीत. रविवारी संध्याकाळी स्टेशनावर जाऊन पाहावं. पुण्याच्या गाडीत शिरणारी पोरं आणि खिडकीतून आत डबा, चटणी, कडक भाकरीचं पुडकं सरकवणाऱ्या आया. अर्धं सोलापूर शनिवारी येतं आणि रविवारी जातं. तिचाही जीव त्यात आहे, आमचा मोठा यंदा जाणार. पण मेहुण्याने जेवताना सहज म्हटलं, "गाव तसं झोपलेलंच आहे," तर तिने भाकरी ताटात ठेवली. "झोपलेलं? पहाटे साडेचारला तू उठला होतास की मी?"

झोपलेलं हा शब्द मलाही लागला, पण वेगळ्या कारणाने. या गावात कधी काळी झोपायची सोय नव्हती. १८७०च्या दशकात आम्ही जिला 'जुनी गिरणी' म्हणतो ती कापडगिरणी निघाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. तीन पाळ्या. भोंग्यावर घड्याळं लागायची. वडील सांगायचे, रात्रपाळी सुटली की चहाची हॉटेलं दिवाळीसारखी भरायची. भोंगे एकेक करून बंद झाले. ते ऐकलेला माणूस आज सोलापूरला शांत म्हणत नाही. त्याला गाव मुकं झाल्यासारखं वाटतं. पाहुण्याला मात्र तीच शांतता आवडते. तो म्हणतो, किती निवांत आहे हो तुमच्याकडे! आणि म्हातारा गिरणी कामगार त्याच्याकडे नुसता बघत राहतो.

मग आमचं विमानाचं प्रकरण. विमानतळ शहराला लागून आणि वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. चिमणी राहावी की विमान यावं, यावर गावाचे उभे दोन तट पडले. १५ जून २०२३ला चिमणी पाडली. सगळ्यांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघितलं, दोन्ही तटांनी. २०२५मध्ये विमान सुरू झालं, आधी गोव्याला. बहुतेकांना जायचं होतं मुंबईला. माझा एक मित्र गोव्याला जाऊन आला. का गेलास विचारलं तर म्हणाला, विमान होतं म्हणून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मेहुणा आणि मी पार्क चौकात गेलो. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. तो नावं वाचायला लागला: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. दहा-बारा वर्षं हुतात्मा एक्सप्रेसने ये-जा करतोय, पण हुतात्मे कुठले, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. १९३० साली इथे मार्शल लॉ पुकारला होता. या चौघांना १२ जानेवारी १९३१ला फाशी दिली.

"इथे?"

"येरवड्याला. तुमच्या पुण्यात."

त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्याने फोटोही काढला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तो आणखी दोन चादरी घेऊन आला, ऑफिसातल्यांना द्यायला. बायको म्हणाली, "आधी धुऊन बघ म्हणजे कळेल काय देतोयस." तिने त्याच्या अंगावरची, आठ दिवस वापरलेली चादर भिजवून ठेवली होती. सोलापुरी चादर कोरडी असताना माणसाळलेली असते, भिजली की म्हशीसारखी जड. एकट्याला पिळता येत नाही. आम्ही दोघं गच्चीवर समोरासमोर उभे राहिलो, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. जोर लावला. चादर नुसतीच गरागरा फिरली, पाणी निघेना. तो माझ्या हातांकडे बघून पिळत होता, मी त्याच्या.

बायको खालून बादली घेऊन आली. क्षणभर बघत राहिली. "अहो, दोघं एकाच अंगाला फिरवलालाव की. पीळ कसा बसंल?"

"काय म्हणालीस, ताई? फिरवलालाव?"

"गप पिळ," ती म्हणाली आणि बादली बरोबर मधोमध, जिथे धार पडणार होती तिथे, सरकवली. फरशी पुसायला चार दिवस तेच पाणी पुरवायचं होतं.