अंतरा वाऱ्यानं नेला

कोणाला आवडती प्रेमगीतं विचारली की तो गायक सांगतो, सिनेमा सांगतो, फारच रंगात आला तर कॉलेजचं वर्ष सांगतो. मला आधी दिशा आठवते. ‘मालवून टाक दीप’ आमच्याकडे पूर्वेकडून यायचं. नाल्यापलीकडच्या गावात लाउडस्पीकर भाड्यानं देणारा एक जण होता. लग्न कोणाचंही असो, पंगती उठल्या, वऱ्हाडी मिळेल त्या सतरंजीवर आडवे झाले, की मग तो स्वतःच्या आवडीची कॅसेट लावायचा. दिवसभर लोकांच्या फर्माइशी वाजवून विटलेला माणूस. सगळं गाव झोपल्यावर दिवा मालवायचं गाणं लावण्याइतकी समज त्याला होती, हे मला फार पुढे लक्षात आलं. कुमार सानू मात्र दक्षिणेकडचा. फाट्यावर काळी-पिवळी जीप सवाऱ्यांची वाट पाहत उभी राहायची, तिच्यातून तो यायचा. ‘आशिकी’ आला १९९० साली, पण त्या जीपमध्ये तो पुढं कितीतरी वर्षं चालू होता. टेप ताणून ताणून सानूचा आवाज जड झालेला, मूळच्यापेक्षाही जास्त नाकात.

हिंदी गाणं वेगळं आणि मराठी वेगळं, असा भेद आमच्या कानांनी कधी केला नाही. १९५६ पर्यंत हा आमचा विदर्भाचा मुलूखच मध्य प्रदेशात होता. बाजारात भांडण हिंदीतून, घरी समजूत मराठीतून, अशी आमची वाटणी. प्रेमाला दोन्ही चालायच्या.

गाणं ऐकायला म्हणून बसणं ही चैन होती. काम करता करता कानावर पडेल ते आपलं. त्यातही खरं ऐकणं व्हायचं हिवाळ्यात, ओलिताच्या रात्री. कृषिपंपाची लाइन पाळीपाळीनं मिळते, आणि पाळी रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच वावरात जावं लागतं. पाय गार चिखलात, हातात फावडं, डोक्याला मफलर गुंडाळलेला, पण एका कानावरून वर सरकवलेला, कारण कुठंतरी गाणं सुरू असतं. दुपारी धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या माणसाला दिलेली हाक पोचत नाही, आणि रात्री कोसभरावरच्या आशाबाई जवळ येऊन गातात. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते, वरची त्या मानानं उबदार राहते. गार हवेत आवाजाचा वेग कमी, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो आणि लांबच्या वावरात उतरतो. त्यात भोंग्याला खालचे सूर झेपत नाहीत. डग्गा वाटेतच गळतो. बाईचा आवाज, बासरी, व्हायोलिन तेवढं पोचतं.

राहिला वारा. मुखडा नीट यायचा, अंतऱ्याची पहिली ओळ यायची, आणि जिथं बोलणारी काहीतरी सांगणार तिथं नेमकी झुळूक फिरायची. पुढच्या ओळी भलत्याच गावाला. थोड्या वेळानं मुखडा परत. तो येतोच, चित्रपटगीताची, भावगीताची बांधणीच तशी आहे. अंतरा कुठंही भटकून आला तरी त्याला शेवटी मुखड्याच्या दारात यावं लागतं. म्हणून आम्हाला शेकडो गाण्यांचे मुखडे पाठ, आणि अंतरे म्हणाल तर पहिल्या ओळीपुढं नुसतं ‘ऊं हूं हूं’.

माझं म्हणणं असं, की ती गाणी आम्हाला लागली ती या वाऱ्यानं नेलेल्या ओळींमुळे. जे ऐकू आलं नाही तिथं जो तो आपलं भरायचा. माझा एक मित्र एका गाण्याची ओळ वर्षानुवर्षं वेगळीच म्हणत आला आहे. त्याच्या ओळीत एका गावाचं नाव बसतं, आणि त्या गावात पूर्वी कोण राहायचं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. अलीकडं पुतण्यानं फोनवर त्याला खरी ओळ दाखवली. त्यानं चष्मा लावून ती वाचली, फोन परत दिला. “हे काई जमत नाई बे. माहीच बरी हाये.”

आणि भरण्यासारखं आमच्याकडे साठलेलंही खूप असायचं, कारण ते सांगायला दुसरी जागा नव्हती. नवराबायको एकमेकांचं नाव घेत नसत. आजीनं आबाजींबरोबरचा सगळा संसार ‘अवो, ऐकलं का’ एवढ्या तीन शब्दांवर निभावला. नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही बायांनी दार अडवल्यावर, यमक जुळवून. नवऱ्याशेजारी चारचौघांत बसायचं तर लग्नात किंवा सत्यनारायणाला. वर्षातून एकदा मात्र एक जोडपं सगळ्यांदेखत शेजारी शेजारी बसायचं. भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची ही दोघं एका पाटावर, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, आणि पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर.

भुलाबाईच्या गाण्यांत रुसवे आहेत, दागिने आहेत, सासू तर जागोजागी आहे. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जायला निघते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं, तर वेल येऊ दे. वेल आला, तर फूल येऊ दे, कारलं लागू दे, त्याची भाजी होऊ दे. पोरी हे गाणं खिरापत ओळखायच्या घाईत धडाधड म्हणून टाकतात, त्यांचं लक्ष झाकलेल्या डब्याकडं. आणि उंबऱ्यात बसलेल्या एखाद्या बाईचा हात दुरडीतल्या शेंगांवर थांबलेला असतो. मी ह्या गाण्याला प्रेमगीतच म्हणतो. माया माहेरावर आहे आणि गाणं सासरी चाललंय, आता यापेक्षा मोठा विरह कोणता आणायचा?

सुरेश भट आमच्याकडचे. १९३२ साली अमरावतीला जन्मले. त्यांच्या गाण्यांत वऱ्हाडी शब्द मात्र औषधालाही सापडत नाही. सगळं कसं ‘रात्र’, ‘दीप’, ‘चांदणं’. ‘माह्या-तुह्या’मध्ये प्रेमगीत बसतच नाही असं आम्हीही मनात धरून बसलो होतो, नाहीतर त्यांच्याऐवजी कोणीतरी ते लिहिलं असतं. पण त्यांच्या ‘तरुण आहे रात्र अजूनी’ला आमच्या घरात जशी दाद मिळाली तशी पुण्या-मुंबईच्या कुठल्या मैफलीत मिळाली नसेल. हृदयनाथांची चाल, आशाबाईंचा आवाज. बाई जागी आहे आणि तिचा राजसा झोपलाय, गाणं एवढंच. ह्या गाण्यामागं एका सैनिकाची करुण कथा आहे म्हणून एक मजकूर फोनवर फिरत असतो. मला त्या कथेची गरज वाटत नाही. गाणं समजायला नवरा झोपलेला पुरेसा आहे. एका दिवाळीच्या आधी ओसरीत रेडिओवर ते लागलं होतं. वहिनी तुरीची डाळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “दिवसभर सोयाबीन सोंगून आला असंन बिचारा.”

आम्ही हसलो. तीही हसली. पण पुढचा अंतरा लागला तेव्हा सूप थांबलं होतं. आत दादा खरंच झोपला होता, कपडेही न बदलता, कानामागं भुसा तसाच. त्या समीक्षेला माझ्याकडं आजवर उत्तर नाही. भटांना ती ऐकायला मिळायला हवी होती, आणि माझी खात्री आहे की त्यांनी मोठ्यानं दाद दिली असती.

ग्रेस नागपूरचे. त्यांच्या कवितेत वारा कवीनंच सोडलेला असतो, मधल्या ओळी आधीच उडालेल्या. पंडित त्याला दुर्बोध म्हणतात. ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ हृदयनाथांनी गायलं, आणि बस स्टँडवरच्या टपरीत ते लागलं की ज्याची जी कोणी गेली असेल ती त्याला आठवते. कोणाची आई, कोणाची बायको, कोणाची एक म्हैसही असू शकते. आमच्याकडं जित्राबाचं दुःख लहान मानत नाहीत. दुर्बोध कवितेवर टपरीत कोणी अडलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता गाणी फार जवळून ऐकू येतात. कानात बोंडं घातली की तबल्यावरचं बोटसुद्धा कळतं. ‘सैराट’ आला २०१६ मध्ये. त्यातल्या गाण्यांचा वाद्यवृंद अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला. आणि आमच्याकडं ती गाणी ऐकली गेली ट्रॅक्टरवर. मडगार्डवर खिळे ठोकून बसवलेले स्पीकर, मागं कापसाची ट्रॉली, निघाला जिनिंगला. इंजिनाच्या धडधडीत ती अमेरिकेतली व्हायोलिनं एखाद्या चढावर, गिअर बदलताना, तेवढी सापडायची. तरी पराटीचा कापूस वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून ‘याड लागलं’ रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकायच्या, आणि ट्रॅक्टर वळला की उरलेलं आपलं आपण गुणगुणायच्या. म्हणजे पुन्हा तेच, मुखडा हाती लागला आणि अंतरा जिनिंगला गेला.

मला राग येतो तो डीजेचा. आवाजाचा नाही, त्याची सवय झाली. हा माणूस मुखडा वाजवतो आणि अंतरा लागायच्या आत सुरी फिरवतो, दुसरं गाणं. म्हणाल, वाराही तेच करायचा. करायचा, पण वाऱ्याला कळत नव्हतं तो काय नेतोय. कधी मुखडा न्यायचा, कधी अख्खं कडवं सोडून जायचा, शेवटचा अंतरा तर एखाद्या रात्री असा लख्ख ऐकू यायचा की फावडं हातात तसंच राहायचं आणि पाणी धुरा फोडून शेजारच्याच्या वावरात. डीजे दर वेळी त्याच ठिकाणी कापतो, आणि मागं मोकळी जागा ठेवत नाही, तिथं लगेच ढोल आणून ओततो.

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या हळदीला मी त्या पोराजवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, हे एक गाणं पूर्ण वाजव बाप्पा, पाहिजे तर वरचे पैसे घे.

“काका, अंतऱ्यात पब्लिक खाली बसते.”

“बसू दे. सकाळपासून उभीच हाये ते.”