दोन पिनांचं धरण

मॉडेलवाल्याला गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास सांगतं: झाडं वाढवा आणि पाणी निळं करा. बिल्डरांचे टॉवर करून करून सवय झाली आहे. त्यांच्या मॉडेलांत आम्ही लावतो तेवढी झाडं उभ्या नागपुरात उरली नसतील. पण यंदा एका शाळेनं भूगोलाच्या दालनासाठी अमेरिकेतली ग्रँड कॅनियन ही दरी मागितली, आणि तिथे मी अडलो.

आठ फुटांचा बेस, सात हजारास एक असं प्रमाण. खरी दरी ४४६ किलोमीटर लांब. आम्ही त्यातला ब्राइट एंजल नावाच्या भागाचा तुकडाच घेतला. उत्तर काठापासून नदीपर्यंत पाच मिलीमीटर सनबोर्डाचे (फोमच्या हलक्या पत्र्याचे) पन्नास थर, कंटूर नकाशावरून एकेक कापलेले. एप्रिलात आपल्याकडे सनबोर्ड पापडासारखा वळतो, म्हणून चिकटवायचं काम रात्री दहानंतर.

रंगकामाबद्दल मात्र सांगतोच. रेडवॉल नावाचा कडा सगळे सरसकट लाल फासतात. तो चुनखडीचा, मुळात करडा. वरच्या थरांतलं लोह पावसानं ओघळून त्याच्यावर बसलंय. मी आधी करडा स्प्रे मारला, मग गेरूचं पातळ पाणी वरून सोडलं आणि त्याचं त्याला वाहू दिलं. ओघळ असे उतरले की पोऱ्या कटर ठेवून बघत बसला. तळाच्या काळ्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट, वय १७० कोटी वर्षांच्या आसपास. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे कालचं पोर.

डिलिव्हरीच्या दिवशी संस्थेचे सचिव आले. दोन मिनिटं पाहिलं.

"भाऊ, पाणीच दिसून नाही राहिलं. एक धरण टाकून द्या ना इथं. निळं निळं छान दिसते."

या प्रमाणात कोलोरॅडो नदी बोटभर रुंद. फलकाचा मजकूर मीच लिहिला होता, त्यामुळे सगळं तोंडपाठ. म्हटलं, सर, ही दरी राखायला हॅरिसननं सिनेटर असताना तीनदा विधेयक आणलं, तीनदा आपटलं. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८९३ मध्ये राखीव जंगल केलं. पुढचा एक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९०३ मध्ये काठावर येऊन म्हणाला, आहे तसं राहू द्या. १९०८ मध्ये त्यानं राष्ट्रीय स्मारक केलं. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान. कॅमेरॉन नावाचा एक पुढारी खाणीचे दावे ठोकून पायवाटेवर एक डॉलर टोल घ्यायचा, तो १९२० मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. (टोलचं सचिवांना विशेष वाटलं नाही.) साठच्या दशकात ह्याच दरीत दोन धरणांचा घाट घातला होता, लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९६८ च्या कायद्यातून ती वगळली गेली. जी झालीच नाहीत ती मी कशी दाखवू?

ते हसले. "नागपूरच्या नळाले पाणी कुठून येते? तोतलाडोहचं धरण नसतं तं काय पिलं असतं तुम्ही? ते बी पेंचच्या जंगलातच आहे ना?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. भूगोलाच्या बाई शेजारीच चष्मा पुसत उभ्या होत्या. पगार देणाऱ्यांसमोर शिक्षकांचे चष्मे फार मळतात. दरीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅनियनचं धरण १९६३ पासून आहेच, खोलातून सोडतात म्हणून खाली पाणी गार, नि गाळ तिथे अडतो म्हणून हिरवं, हे मला सुचलं ते घरी आल्यावर.

रात्रीत ॲक्रिलिकची भिंत कापली. मागे दरीत पन्नी अंथरून निळं रेझिन ओतलं. विष्णू शिस्ट पार बुडाला. पण काही चिकटवलं नाही. भिंत दोन पिनांवर, पाणी नुसतं ठेवलेलं, उचललं की निघतं. बाईंना तेवढं हळूच सांगून आलो.

उद्घाटनाचा फोटो आला. धरण जागेवर, आणि खाली माझाच फलक: आहे तसं राहू द्या.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन. धरण सापडत नाही, सचिव विचारताहेत, दुसरं कराल का? आवाज अगदी सरळ होता. कोटेशन टाइप करून ठेवलंय. पाठवलेलं नाही.