किती टक्के भाजलं, एवढंच विचारतो आपण

बर्न्स वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती टक्के? टक्के म्हणजे कातडीचे. आतड्याची चौकशी कोणीच करत नाही, आणि का करावी, आग तर पोटाला लागलेलीच नसते ना.

पण होतं असं की मोठं भाजलं की अंगातलं पाणी भराभर कमी होतं, शरीर शॉकमध्ये जातं, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, आणि मग उरलेलं रक्त हृदय-मेंदूकडे वळवताना आतड्याचा वाटा कापला जातो. आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर, त्याला रक्त कमी पडलं की पेशींमधले सांधे सैल होतात आणि एरवी आत गुमान राहणारे जंतू किंवा त्यांचं विष तिथून आजूबाजूच्या लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड्समध्ये) आणि कधीकधी पुढे रक्तातही जातं. म्हणजे सगळेजण जखमेवरच्या इन्फेक्शनकडे डोळे लावून बसलेत आणि चोर घरातलाच!

अमेरिकेत शिकागोच्या लोयोला युनिव्हर्सिटीत मशकूर चौधरींच्या टीमने २०१५ साली यावर पेपर काढला होता. गंभीर भाजलेल्या पेशंट्सच्या आतड्यातल्या जंतूंमध्ये एन्टेरोबॅक्टेरियासी, म्हणजे ई. कोलाय, साल्मोनेला वगैरेंचं खानदान, सरासरी ३१.९ टक्के, आणि किरकोळ भाजलेल्यांमध्ये फक्त ०.५ टक्के. आकडे बघून दचकायला होतं, पण गंभीर भाजलेले पेशंट होते फक्त ४, हेही लक्षात ठेवा. आतडं झिरपतं हे त्यांनी दाखवलं ते उंदरांमध्ये, माणसात नेमक्या किती सेप्सिसचं, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागतात त्याचं, मूळ आतड्यात असतं यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत.

मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती नाकातली नळी. पेशंट तोंडाने खाऊ शकत नसेल तर शक्यतो पहिल्या २४ तासांतच नळीने पातळ आहार सुरू करतात, आणि घरचे मात्र म्हणतात अहो एवढं भाजलंय, पोटाला जरा आराम द्या की. पण आतडं उपाशी राहिलं तर ते अस्तर अजूनच पातळ होतं, शिवाय भाजलेल्या शरीराला कॅलरी आणि प्रोटीन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतं, त्यामुळे सलाईनवर ठेवा म्हणून हट्ट धरू नका प्लीज.

आणि हो, प्रोबायोटिकची पावडर परस्पर आणून देऊ नका. त्यात जिवंत जंतूच असतात, आणि या पेशंटची प्रतिकारशक्ती आधीच ढेपाळलेली असते.