तुम्ही विचारलंत म्हणून : वेबसाइट एकदा बनली, मग आता काम कसलं?

‘ताई, वेबसाइट तं बनली नं एकदाची, मंग दरसाल पैसे कायचे लागते?’

मी संस्थांच्या वेबसाइट सांभाळते. सचिव विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, पतसंस्थेच्या आमसभेत सभासद उभे राहून विचारतात. मी दरवेळी ‘देखभालीचे’ म्हणते आणि त्या शब्दाने कुणाचंच समाधान होत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी नावाचं. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळतं, एका वर्षापासून जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत. ‘.कॉम’ नावाची मुदत संपली की नाव देणारी कंपनी काही दिवस थांबते. त्यानंतर ३० दिवस ते नाव जादा शुल्क भरून सोडवता येतं, मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि सहाव्या दिवशी जगात कुणीही घेऊ शकतं. मुदतीची आठवण ईमेलने येते. कोणाच्या ईमेलवर? ज्या मुलाने साइट बनवली आणि मग नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याच्या. म्हणून नवीन साइट हाती आली की मी रंगरूप बघत नाही. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि कोणता ईमेल लावलाय, ते बघते. ते संस्थेच्याच नावावर हवं, माझ्याही नको.

जोडणी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे काही ब्राउझरांच्या पत्त्याच्या पट्टीत दिसणाऱ्या कुलपामागचं, तेही मुदतीचं असतं. फुकट मिळणारं ९० दिवस चालतं आणि साधारण ३० दिवस उरले की आपोआप नवं होतं. ‘आपोआप’ हा शब्द मात्र जपून वापरा. साइट ठेवलेल्या संगणकाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, फायरवॉलमध्ये (राखणीत) ८० नंबरचा पोर्ट, म्हणजे दार, बंद झाला, किंवा डीएनएसमधला, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यादीतला, पत्ता दुसऱ्या सर्व्हरकडे वळला, की नूतनीकरण गुपचूप अडतं. मग एका सकाळी साइटऐवजी ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ असं पान दिसतं आणि शेतकरी फोन खिशात ठेवतो. विकतच्या प्रमाणपत्रांनीही सुटका नाही. २०२५ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे.

(लाइन गेली म्हणून साइट बंद पडत नाही. सर्व्हर आपल्या गावात नसतो. तरी भारनियमन सुरू झालं की मला फोन येतातच.)

मजकुराचं काम वेगळंच. कार्यालयातून नोटीस येते ती कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. कृतीदेवमध्ये दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, त्यामुळे तशीच चिकटवली तर साइटवर अगम्य रोमन उमटतं. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलावी लागते. पहिली वेलांटी कृतीदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते. रफाराचं उलट, तो कृतीदेवमध्ये अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. रूपांतराचं साधन हे बरंचसं सांभाळतं, पण ‘शेतकऱ्यांना’मधला ‘ऱ्या’ बऱ्याचदा मोडतो, आणि आपल्याकडच्या नोटिशीत तो शब्द नाही असं सहसा होत नाही. म्हणून प्रत्येक ओळ वाचावी लागते. नोटिशीचा फोटो काढून टाकला तर काम दोन मिनिटांत होतं, पण त्यातला मजकूर शोधात सापडण्याची खात्री नसते. फोटो टाकायचेच असतील तर मोबाइलमधला ४-५ एमबीचा फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचा करून १५० केबीच्या आसपास आणायचा. शिवारात नेटवर्कची एकच दांडी असते, तिथेही पान उघडलं पाहिजे.

आणि बाजाराच्या साइटवरचे शेतमालाचे भाव. आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण हे चार आकडे कार्यालयाने द्यायचे. पण ‘आजचे भाव’ या मथळ्याखाली आजचीच तारीख आहे की नाही, हे बघणं माझं काम. कालचे भाव आजचे म्हणून दिसले तर कोणीतरी त्या भरवशावर गाडी भरतो. भाव आले नसतील तर ‘आज भाव आलेले नाहीत’ असं दिसलं पाहिजे. रकाना कोरा ठेवणंही बरोबर नाही.

आता ज्याबद्दल मी आमसभेत बोलत नाही ते. एका शेतमाल बाजाराची साइट जुन्या सर्व्हरवर होती, साइट ज्या भाषेत चालते त्या पीएचपीच्या ७.४ आवृत्तीवर. त्या आवृत्तीचा आधार २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलेला, म्हणजे नवी फट सापडली तर ती बुजवणारं कोणी नाही. साइट नव्या सर्व्हरवर हलवायची ठरली. डेटाबेसचे, म्हणजे साइटचा मजकूर साठवणाऱ्या भांडाराचे, तक्ते माझ्या आधीच्या कोणीतरी ‘लॅटिन-१’ या रोमन लिपीच्या अक्षरसंचात बनवलेले होते आणि आत मराठी भरलेलं. तरी वर्षानुवर्षं सगळं नीट दिसत होतं, कारण भरतानाही लॅटिन-१ आणि काढतानाही लॅटिन-१. बाइट, म्हणजे साठवणुकीचे छोटे तुकडे, जसेच्या तसे बाहेर येत होते.

नव्या सर्व्हरवर मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस, तिथे मुळातच यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत. नेहमीच्या पद्धतीने डेटा काढून तिकडे भरला तेव्हा प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर धरला गेला. ‘क’ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा असतो. त्याच्या जागी तीन परकी चिन्हं बसली : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह आणि एक ठळक ठिपका. हे हलवाहलवीनंतर लगेच दिसायला हवं होतं. पण मुखपृष्ठावर त्या दिवशीचे नव्याने भरलेले भाव होते, ते व्यवस्थित होते. जुनी पानं उघडलीच नाहीत. २१ दिवसांनी, ऐन सोयाबीनच्या आवकेत, एका अडत्याने मागच्या वर्षीचे भाव उघडले तेव्हा कळलं.

यावर इलाज आहे. मजकूर लॅटिन-१ मध्ये परत न्यायचा, त्याला नुसते बाइट समजायचं आणि ते यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचायचे. एका आज्ञेचं काम. आज्ञा चालवली आणि जुनी सगळी पानं शुद्ध मराठीत परत आली. पण तीच आज्ञा त्या २१ दिवसांच्या नोंदींवरूनही फिरली, आणि त्या आधीच बरोबर होत्या. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. जागा नसलेल्या प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह येतं. परकी चिन्हं उलट फिरवता येतात. प्रश्नचिन्हातून काही परत येत नाही, कारण आत काही उरलेलंच नसतं. ‘अमुक क्रमांकापर्यंतच्याच नोंदी’ अशी एक अट आज्ञेच्या शेवटी लावायला हवी होती.

त्या नोंदींत शेतमाल तारण योजनेची चौकशी करणारे ११२ शेतकरी होते. नाव, गाव, माल, क्विंटल, मोबाइल. आकडे वाचले, अक्षरं गेली.

रोज रात्रीचा बॅकअप, म्हणजे डेटाची जादा प्रत, होता ना? होता. २१ फाइली, प्रत्येकीवर तारीख, प्रत्येक फाइल २० बाइटांची. सर्व्हर बदलल्यावर डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या आज्ञेत जुनाच राहिला होता. डेटाबेसने दार उघडलं नाही, पुढच्या आज्ञेने मिळालेलं ‘काहीच नाही’ दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, फाइल केली, आणि रिकामी दाबलेली फाइल बरोबर २० बाइटांची होते. पाइपने जोडलेल्या, म्हणजे एकीतून निघालेलं थेट दुसरीत जाणाऱ्या, आज्ञांत शेवटची यशस्वी झाली की सगळं यशस्वी धरलं जातं. त्रुटीचा संदेशही आधीच बंद केलेला. जुन्या सर्व्हरवर प्रत होती, पण तिच्यात हे २१ दिवस नव्हते. बायनरी लॉगमधून, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीतून, काही परत मिळालं असतं, पण अनेकांच्या साइट एकत्र ठेवणाऱ्या शेअर्ड होस्टिंगवर तो आपल्या हाती नसतो.

मग प्रश्नचिन्हं मोजली. एका अक्षरचिन्हाला एक, काना-मात्राही वेगळा मोजायचा. तीन प्रश्नचिन्हं म्हणजे तूर, सात म्हणजे सोयाबीन. पाच म्हणजे कापूसही आणि हरभराही. मालाचं असं कळलं, माणसांचं कसं कळणार? कार्यालयातला लिपिक आणि मी, दोघांनी मोबाइल नंबरांवर एकेक फोन लावला. ‘दादा, तुमचं नाव सांगता का? आमच्याकडून पुसलं गेलं.’ काहींना वाटलं कोणीतरी फसवतंय, आणि तसं वाटणं बरोबरच होतं.

ते तक्ते मी बनवले नव्हते, हे मी तेव्हा चारचौघांत म्हणाले. खरंही होतं. पण अट मी लावली नाही, आज्ञा आधी प्रतीवर चालवून पाहिली नाही, आणि ‘रोज रात्री बॅकअप होतो’ हे वाक्य माझ्याच प्रस्तावात माझ्या सहीने होतं. तेव्हाची मी म्हणायची, तारखेची फाइल दिसली म्हणजे बॅकअप झाला. आता मी फाइलचा आकार बघते, महिन्यातून एकदा ती रिकाम्या डेटाबेसमध्ये भरते आणि एका मराठी शब्दाचे बाइट तपासते : ‘क’चे तीन बाइट ई०, ए४, ९५ असेच आले पाहिजेत. एका साइटला दीड तास लागतो. तुम्ही ज्या पैशाबद्दल विचारता त्यात हा दीड तास आहे, आणि तो चांगला गेला तर तुम्हाला काहीच दिसत नाही.

पासवर्डबद्दल मात्र माझं अजून ठरलेलं नाही. आधी सगळे माझ्याकडेच ठेवायची, कारण कार्यालयात ते मॉनिटरवर चिकटवलेले दिसायचे. पण उद्या मला काही झालं तर? म्हणून बंद पाकिटात सचिवांकडे द्यायला लागले. संचालक मंडळ बदललं तेव्हा दोन ठिकाणी पाकीट सापडलं नाही. कपाटात होतं म्हणतात. मग पाकीट देणारी मी चूक होते की सगळे स्वतःकडे ठेवणारी?

त्या ११२ मधल्या ९ ओळी अजून तशाच आहेत. नाव प्रश्नचिन्हांत, पुढे क्विंटल, पुढे मोबाइल नंबर. काही नंबर बंद आहेत, काही कोणी उचलत नाही. त्या पुसून टाका, साइट खराब दिसते, असं मला दोनदा सांगण्यात आलं. लोकांना दिसणाऱ्या पानावरून त्या ओळी मी काढल्या आहेत. डेटाबेसमधून काढलेल्या नाहीत. दर सोमवारी भाव चढवून झाले की त्यातले दोन नंबर लावून बघते.